विमानतळावरचे चार तास

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आपल्या वडोदरा केंद्रात आरतीनंतर जी चर्चा झाली, ती लिहून सगळ्या केंद्रांच्या ग्रुपवर पाठवावी असं बऱ्याच ताई-दादांनी सुचवलं. म्हणून आजचा हा मेसेज थोडा लांब आहे. एका बैठकीत वाचून झाला नाही तर दोनदा वाचा, पण शेवटचा भाग सोडू नका. ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांनी तर नक्कीच वाचा. आणि आपल्यात आता असं घर शोधून सापडायचं नाही, की ज्यातलं कोणीच बाहेर नाही.

मी काही प्रवचनकार नाही. घर सांभाळून जमेल तशी सेवा करणारी आहे. सद्गुरूंच्या चरणांशी बसून जे ऐकलं आणि घरी पोथी-पुराणं वाचताना जे मनाला लागलं, तेच इथे मांडते.

*प्रश्न काय होता*

आपल्या एका भगिनीचे यजमान गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगते. मुलगा अमेरिकेत. डॉक्टरांनी "मुलाला बोलावून घ्या" म्हटलं त्याच दिवशी तो मिळेल त्या विमानाने निघाला. वाटेत आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलायचं होतं. मध्ये सात तास. तो तिथल्या लाउंजमध्ये बसला होता. तीन तास झाले आणि चुलतभावाचा फोन आला, "काका गेले."

पुढच्या विमानाला अजून चार तास होते.

तो मुलगा आईला नंतर म्हणाला, "आई, त्या चार तासांत माझ्या समोर भरलेली प्लेट होती. टीव्हीवर मॅच चालली होती. शेजारी एक लहान मुलगा बॅगेवर बसून गाडी-गाडी खेळत होता. आणि माझं सगळं अंग पळायला तयार होतं, पण पळायला जागाच नव्हती. बाबांच्या तोंडात गंगाजल घालायला मी नव्हतो. ठीक आहे, ते माझ्या हातात नव्हतं. पण त्या चार तासांत मला एक नामसुद्धा घेता आलं नाही. लहानपणापासून तुम्ही मला केंद्रात नेलंत, आणि वेळ आली तेव्हा मी नुसता बसून राहिलो."

तो आला, अग्नी दिला, चांदोदला अस्थिविसर्जन केलं, तेरावं झाल्यावर परत गेला. पण हे त्याच्या मनातून जात नाही. दर फोनवर तेच. भगिनी म्हणाल्या, "ताई, मी त्याला काय सांगू? तो म्हणतो ते खरंच आहे ना?"

त्या दिवशी हॉलमध्ये कोणी काही बोललं नाही. कारण प्रत्येकीच्या मनात आपापला मुलगा, आपापली मुलगी आली असणार.

*लाउंज म्हणजे नेमकी कुठली जागा*

आधी ही जागा नीट पाहू या. परदेशी जायचं तर तीन तास आधी विमानतळावर या म्हणून सांगतात. बॅगा दिल्या, बोर्डिंग पास घेतला, इमिग्रेशनच्या खिडकीवर उभं राहिलो, की अधिकारी पासपोर्टवर निघाल्याचा शिक्का मारतो. त्या शिक्क्याच्या क्षणी कागदोपत्री आपण देश सोडलेला असतो. पण पाय कुठे असतात? इथल्याच जमिनीवर. खिडकीतून इथलाच रस्ता दिसतो, इथलाच सूर्य उगवतो. निघालो तर आहोत, पण गेलो नाही. परत फिरून घरी एक चक्कर मारून येऊ, असंही म्हणता येत नाही.

आणि मध्ये विमान बदलणारा प्रवासी तर आणखीनच अधांतरी. ज्या देशात बसला आहे तो देश त्याचा नाही, त्याचा व्हिसाही नसतो. बाहेर पडता येत नाही. मागे जाता येत नाही, पुढचं विमान त्याच्या सांगण्यावरून निघत नाही. पैसा असो, शिक्षण असो, ओळख असो, चार तास म्हणजे चार तास.

साधकहो, आपण रोज म्हणतो की "सगळं देवाच्या हातात आहे". पण म्हणताना आपल्या हातात बरंच काही असतं. गॅस बंद करणं असतं, फोन लावणं असतं, डॉक्टर बदलणं असतं. खरोखर काहीच हातात नाही अशी जागा आयुष्यात फार थोड्या वेळा येते. त्या मुलाच्या वाट्याला ती वयाच्या पस्तिशीत आली, आणि एकट्याने आली. म्हणून त्याला "नाम का नाही घेतलंस" असं विचारायची आपली कोणाची योग्यता नाही, हे मी आधीच सांगते.

*दशरथाच्या उशाशी कोण होतं?*

आता त्याच्या पहिल्या दुःखाकडे येऊ. वडिलांच्या शेवटच्या क्षणी मुलगा जवळ नव्हता.

रामकथा आपण किती वेळा ऐकतो! रामनवमीला ऐकतो, पारायणात वाचतो. पण एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. दशरथ राजाला चार मुलगे. चारही गुणी, चारही पित्यावर जीव टाकणारे. आणि राजाने प्राण सोडला तेव्हा त्याच्याजवळ चौघांपैकी किती जण होते? एकही नाही! राम-लक्ष्मण वनात. भरत-शत्रुघ्न दूर केकय देशात, आजोळी.

वाल्मीकींनी पुढचं सगळं सविस्तर सांगितलं आहे. मुलगा हजर नाही म्हणून अग्नी देता येईना, तेव्हा राजाचा देह तेलाच्या मोठ्या पात्रात ठेवला. भरताला आणायला दूत धावले. पण गुरू वसिष्ठांच्या आज्ञेप्रमाणे दूतांनी त्याला वडील गेल्याचं सांगितलं नाही, फक्त "लवकर चला" म्हणाले. भरताला आदल्या रात्री वाईट स्वप्नं पडली होती. तो निघाला आणि वाटेत सात रात्री गेल्या. त्या सात रात्री भरत कुठे होता? ना आजोळी, ना अयोध्येत. रस्त्यावर. मनात भीती आणि हातात काहीच नाही. आपल्या भगिनीच्या मुलाला सात तास होते, भरताला सात रात्री.

आणि श्रीराम? रामाला तर बातमीही मिळाली नव्हती. वडील जाऊन, त्यांचे अंत्यविधी होऊन गेल्यावर भरत चित्रकूटला आला तेव्हा रामाला कळलं. मग रामाने मंदाकिनीच्या पाण्यात उतरून पित्याला जलांजली दिली आणि वनात मिळणाऱ्या इंगुदीच्या फळांचा पिंड दिला. राजाचा मुलगा, पण जिथे होता तिथे जे होतं तेच दिलं.

आता मला सांगा, आपल्यापैकी कोणी आजवर म्हटलं आहे का, की राम वाईट मुलगा होता, कारण तो बापाच्या शेवटच्या क्षणी नव्हता? भरताला कोणी दोष दिला का, की तू आजोळी कशाला गेलास? उलट पुत्रधर्म म्हटलं की तोंडात रामाचं नाव येतं, आणि बंधुप्रेम म्हटलं की भरताचं.

कोणी म्हणेल, आपला आदर्श तर पुंडलिक. त्याने आई-वडिलांच्या सेवेत देवालाही विटेवर उभं केलं. अगदी खरं. पण पुंडलिकाच्या गोष्टीत वाट कोण पाहतं? आई-वडील पाहत नाहीत, पुंडलिकही पाहत नाही. वाट पाहतो तो पांडुरंग, कमरेवर हात ठेवून. ज्याला सेवा करायला मिळते त्याच्यासाठी देव थांबतो, आणि ज्याला सेवेपर्यंत पोहोचता येत नाही त्याच्यासाठी देव थांबत नाही, असं होईल का? जो युगानुयुगं वाट पाहू शकतो त्याला वाट पाहणाऱ्याचं दुःख कळतं. मी तर म्हणेन, बाकी कोणापेक्षा त्यालाच जास्त कळतं.

म्हणून त्या मुलाला एवढंच सांगायचं. दुःख असू दे. वडील गेले, दुःख होणारच, ते कोणी काढून घेऊ नये. पण त्या दुःखात अपराध मिसळू नकोस. तू आला नाहीस असं नाही. तू येत होतास. भरतही येत होता.

*नाम आठवलं नाही, मग?*

आता दुसरं दुःख. "मला नामसुद्धा घेता आलं नाही."

आपल्या परंपरेत अजपाजपाबद्दल सांगितलेलं आहे. माणूस दिवस-रात्र मिळून २१,६०० श्वास घेतो, असा जुना हिशेब. प्रत्येक श्वास आत येताना आणि बाहेर जाताना आपोआप मंत्र म्हणतो, "सोऽहम्". ओठ हलत नाहीत, माळ फिरत नाही, म्हणून त्याला अजपा म्हणायचं. न जपता होणारा जप. आपण झोपलेले असलो, भाजी चिरत असलो, कोणाशी भांडत असलो, तरी तो थांबत नाही.

आता घरगुती हिशेब करून पाहा. २१,६०० भागिले २४, म्हणजे तासाला ९०० श्वास. चार तासांत ३,६००.

म्हणजे तो मुलगा त्या खुर्चीवर प्लेटकडे बघत बसला होता, त्याला वाटत होतं की आपण काहीच करत नाही, त्या वेळात ३,६०० वेळा त्याच्या आत ते चाललंच होतं. त्याने सुरू केलं नव्हतं, म्हणून त्याच्याकडून बंदही पडलं नाही. ज्याने वडिलांना श्वास दिला होता आणि त्या दिवशी तो परत घेतला, त्यानेच मुलाचा श्वास चालू ठेवला होता. मुलाने हाक मारली नाही म्हणून त्याने हात सोडला नाही. सद्गुरू आपल्याला हेच तर समजावत असतात, की आपण त्यांना धरून ठेवलं आहे असं समजू नका. लहान मूल आईचं बोट धरतं तेव्हा गर्दीत ते सुटू शकतं. आई मुलाचं मनगट धरते तेव्हा सुटत नाही.

पण म्हणून कोणी असं समजू नका की मग रोज नाम घ्यायची गरजच काय, श्वास घेतोच आहे! हा आळसाचा अर्थ झाला. श्वासातलं नाम चालूच असतं, पण ते ऐकू यायला कान तयार लागतो. तो कान शांत दिवसांतच तयार करावा लागतो. पोहायला शिकायचं ते पाण्यात पडण्याआधी. ज्या दिवशी बातमी येते त्या दिवशी माळ हातात घेऊन नवीन काही सुरू करता येत नाही. त्या दिवशी फक्त आधीचं जमा असलेलं कामी येतं. आपल्या मुलांना लहानपणी उपासनेला आणून बसवतो, ते चुळबुळ करतात, चिवड्याच्या पुडीकडे डोळे लावून बसतात, आपल्याला वाटतं यांना काय कळतंय! पण त्या मुलाला पस्तिसाव्या वर्षी, परक्या देशात, "मला नाम घेता आलं नाही" याची खंत वाटली. ती खंत कुठून आली? ज्याला नामाशी काही देणंघेणं नाही त्याला अशी खंत वाटेल का? मला विचाराल तर ती खंत हेच त्याचं त्या दिवशीचं नाम.

*मैयेच्या काठावरची नाव*

आपल्याकडे गुजरातेत नर्मदा मैया समुद्राला मिळते. ज्यांनी परिक्रमा केली आहे किंवा परिक्रमावासींना भोजन वाढायची सेवा केली आहे, त्यांना हे ठाऊक असेल. परिक्रमेचा नियम असा, की मैयेचा प्रवाह कुठेही ओलांडायचा नाही. दक्षिण तटाने चालत चालत परिक्रमावासी भरूच जिल्ह्यात विमलेश्वरच्या बाजूला येतात. तिथून पुढे पायी वाट नाही. नावेत बसून समुद्रातून पलीकडे मिठी तलाईला, उत्तर तटावर जायचं.

पण नाव आपल्या सोयीने सुटत नाही. भरती यावी लागते. भरती कधी दुपारी, कधी मध्यरात्री. शेकडो कोस चालून आलेली माणसं चिखलाच्या काठावर गाठोडी घेऊन बसतात. ज्यांना रोज चालायची सवय झालेली असते त्यांना बसवत नाही. तिथे कोणाचा पायांचा जोर चालत नाही, कोणाची घाई चालत नाही. मैयेचं पाणी वर चढलं की नावाडी आवाज देतो, तेव्हा उठायचं.

ती जागा म्हणजे त्यांचं लाउंजच की! फरक एवढाच, की परिक्रमावासी त्या थांबण्याला परिक्रमेतून वजा करत नाही. "मी इतके दिवस चाललो आणि एक रात्र फुकट गेली" असं तो म्हणत नाही. चालणं ही जशी परिक्रमा, तसं भरतीची वाट पाहणं हीही परिक्रमाच.

संन्याशांचंही तसंच. आपले टेंबे स्वामी महाराज आयुष्यभर पायी हिंडले आणि १९१४ साली याच नर्मदेच्या काठी गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. एवढं हिंडणारे, पण चातुर्मास आला की एका जागी थांबायचे. थांबणं हासुद्धा संन्याशाच्या धर्माचा भागच आहे.

आपण मात्र वाट पाहण्याला रिकामा वेळ समजतो. दवाखान्यात नंबर यायचा असतो, बँकेत टोकन असतं, गाडी लेट असते, मुलीच्या बाळंतपणाची तारीख उलटून गेलेली असते, आणि आपण म्हणतो, "नुसतं बसावं लागलं." नुसतं बसणं असं काही नसतं.

*मुलाने काय उत्तर दिलं*

भगिनींनी हे सगळं मुलाला फोनवर सांगितलं. आपल्याला वाटतं, की गोष्ट सांगितली म्हणजे माणसाचं दुःख गेलं. तसं होत नाही. तो बराच वेळ गप्प होता म्हणे. मग एवढंच म्हणाला, "दशरथाजवळ कोणीच नव्हतं, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं." आणि जरा वेळाने, "आई, बाबांची माळ मला कुरियरने नको पाठवूस. मी येईन तेव्हा तुझ्या हातून घेईन."

यावर मी काही भाष्य करत नाही.

*आता आपल्याला काय करायचं आहे*

चर्चा ऐकून घरी गेलो आणि विसरलो, असं होऊ नये म्हणून चार गोष्टी ठरल्या. सगळ्या केंद्रांनी विचार करावा.

*पहिली गोष्ट आई-वडिलांसाठी.* मुलांना मोकळं करून ठेवा, आणि ते आज, तब्येत चांगली असताना. "माझ्या वेळेला तू पोहोचलास तर आनंद, नाही पोहोचलास तरी माझा आशीर्वाद कमी होणार नाही" हे वाक्य स्वतःच्या तोंडाने एकदा बोला. आपल्या पिढीला असं बोलणं अभद्र वाटतं. "शुभ बोल नाऱ्या" म्हणून विषय बदलतो. पण न बोललेल्या त्या एका वाक्यासाठी मुलं वर्षानुवर्षं झुरतात. देह किती वेळ ठेवायचा, मुलासाठी थांबायचं की पुतण्याने किंवा घरी असलेल्या लेकीने अग्नी द्यायचा, हेही सांगून ठेवा, नाहीतर त्या दिवशी नातेवाइकांत दोन तट पडतात आणि विमानात बसलेल्याला दोन्हीकडून बोल लागतात. एका वहीत लिहा आणि वही कुठे आहे ते सांगा.

*दुसरी गोष्ट मुलांसाठी.* हा मेसेज त्यांना पाठवा. आणि हेही कळवा, की घरून असा फोन आला तर प्रवासात एकटं राहू नका. केंद्रातल्या कोणालाही, रात्री-अपरात्री, फोन करा. काही बोलायचंच असं नाही. फोन चालू ठेवायचा, इकडे आम्ही नाम घेऊ, तुम्ही नुसतं ऐका. त्या दिवशी त्या मुलासाठी आपण हे करू शकलो असतो. पुढच्या वेळी कोणासाठीही करू. प्रत्येक केंद्राने अशा सेवेसाठी दोन-दोन नावं ठरवून आपल्या केंद्रप्रमुखांकडे द्यावीत.

*तिसरी गोष्ट प्रवासाला निघणाऱ्यांसाठी.* आपल्यापैकी बऱ्याच जणी लेकी-सुनांच्या बाळंतपणासाठी लांबच्या प्रवासाला जातात. २३ किलोच्या दोन बॅगा डिंकाच्या लाडवांपासून मेतकुटापर्यंत भरायच्या, वजनकाट्यावर चार वेळा चढवायच्या, आणि शेवटी काउंटरवर सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवाव्या लागतात, कारण त्यात तेल फार, ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही! असो. बॅगा एकदा सरकत्या पट्ट्यावर गेल्या, की आपले हात रिकामे होतात. तेव्हापासून विमानात चढेपर्यंतचा वेळ सद्गुरूंचा, असं ठरवून टाका. तीन तास म्हणजे २,७०० श्वास. १०८ मण्यांची माळ धरली तर बरोबर २५ माळा! मोठ्याने म्हणायचं नाही, दाखवायचं नाही. पर्समध्ये हात ठेवून माळ फिरवली तरी चालेल. मात्र फलकाकडे लक्ष हवं. बऱ्याच विमानतळांवर आता एकेका विमानाची घोषणा होत नाही. वेळ झाली की गेट बंद होतं. डोळे उघडे आणि आत नाम, अशी ती साधना आहे. देहाचं गेटसुद्धा घोषणा न करताच बंद होतं, तेव्हा ही सवय दोन्हीकडे उपयोगी.

*चौथी गोष्ट सेवेची.* लाउंजमध्ये किंवा गेटपाशी नीट पाहिलं, तर एखादे आजी-आजोबा दिसतातच. हातात मुलाने लिहून दिलेला कागद, गळ्यात पासपोर्टची पिशवी, आणि चेहऱ्यावर "आपण बरोबर जागी बसलो आहोत ना?" ही काळजी. इंग्रजी येत नाही, विचारायला संकोच वाटतो, उठून गेलो तर सामानाचं काय, म्हणून पाणी प्यायलाही उठत नाहीत. त्यांच्या शेजारी जाऊन बसा. मराठी असो, गुजराती असो, तेलुगू असो, "कुठे निघालात?" एवढं हातवाऱ्यांनी विचारता येतं. गेट दाखवा, पाण्याची बाटली भरून आणा, उतरल्यावर भरायचा काही फॉर्म असेल तर तो समजावून द्या. आणि एखादा तरुण भरल्या प्लेटसमोर नुसता बसलेला दिसला, तर त्याला उपदेश करू नका. काही विचारूही नका. पाण्याचा ग्लास त्याच्या जवळ सरकवा आणि मनातल्या मनात त्याच्यासाठी एक माळ करा. त्याला काय फोन आला आहे ते आपल्याला माहीत नसतं.

येत्या गुरुवारी उपासनेनंतर, ज्यांचे आई-वडील गेले तेव्हा त्यांना पोहोचता आलं नाही अशा सर्वांसाठी आपण अकरा माळा सामूहिक नामस्मरण करणार आहोत. बाहेरगावच्यांनी आपापल्या घरी, रात्री आठ वाजता, देवापुढे दिवा लावून बसावं. परदेशातल्यांनी आपल्या घड्याळाप्रमाणे जमेल तेव्हा बसावं. मुलांनी घरी येऊन नैवेद्य करायलाच हवा असं नाही. ज्याच्याजवळ जे असेल ते चालेल. रामानेही वनातलं फळच दिलं होतं.

सद्गुरूंनी लिहून घेतलं, चुकलं-माकलं ते माझं, बरं वाटलं ते त्यांचं.

घरातल्या ज्येष्ठांना हा मेसेज मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती 🙏

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

— एक सेविका, वडोदरा केंद्र